काडीवरची रेघ

गुरु. ७ नोव्हें. १९३५
मोटर आली एकदाची घरी. चार दिवस म्हणून अकोल्याच्या कादर मिस्त्रीनं अकरा दिवस ठेवून घेतली. नवव्या दिवशी जाऊन त्याची गचांडी धरली तेव्हा कुठं हात हलले. पण काम बेस केलंय. नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासले. आता इंजिनाशेजारी उभं राहून बोललं तरी ऐकू येतं. निघताना मिस्त्री तेल मोजायची काडी पुसत पुसत काहीतरी सांगत होता. मी हँडल मारून, इंजिन सुरू करून मोकळा झालो होतो. त्याचं बोलणं एरवीही संपत नाही.

थोरला भाऊ किसनदादा फाटकात उभाच होता. मोटर दोघांची. मी चालवतो, तो मागं लटकतो आणि चढावर लाकडी ठोकळा घेऊन चाकामागं धावतो. आवाज ऐकून म्हणाला, "हे तं नवीनच झालं बे!" माझी बायको कौसल्या दारातूनच बघत होती. थोरला दीर समोर असला की ती बाहेर येत नाही.

शनि. ९
स्टँडवर मारामारी. कौंडण्यपूरच्या जत्रेचे पॅसेंजर मी आधी बोलून ठेवले होते. दर्यापूर लाइनीवरचा एक ड्रायव्हर ते फोडत होता. दोनदा नीट सांगितलं, तिसऱ्यांदा हात बोलला. त्याचा एक दात माझ्या बोटात घुसला, अजून ठणकतंय. पॅसेंजर माझेच राहिले.

घरी येऊन झोपलो ते दुपारी उठलो. तोवर मोटर धुऊन, झेंडूचा हार घालून, तेल-पाणी करून तयार. मला काही बघावं लागलं नाही. घर असं असावं.

बुध. १३, अमरावती, दवाखाना
सोमवारचं आज लिहितोय. काल लिहायला बसलो तर टाक मोडून फेकला.

जत्रेचे पॅसेंजर घेऊन निघालो तेव्हाच मागून निळा धूर. पॅसेंजर खोकायला लागले. म्हटलं नवीन रिंगा आहेत, बसतील हळूहळू. वाटेत कुऱ्ह्याला प्लग काढून पुसले, काळे कुळकुळीत. मिस्त्रीच्या नावानं शिव्या देऊन पुढं काढली. कुऱ्ह्यापुढचा नाला उतरलो, आणि चढ चढताना मधेच क्लच सुटला. म्हणजे इंजिन ओरडतंय आणि चाक फिरत नाही. मोटर मागं यायला लागली. ब्रेकवर उभा राहिलो तरी घसरत होती. बायका पटापट उड्या टाकत होत्या. आरशात दादा दिसला, ठोकळा घेऊन. त्यानं ठोकळा लावला. ठोकळा ओल्या मातीत सरकला. नंतर दादा दिसला नाही.

ओरडणं ऐकलं. दादाचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

वीसेक माणसांनी मागची बाजू उचलली. गुडघ्याखाली काही राहिलं नव्हतं. धोतर फाडून मी वर बांधलं, हात बुळबुळीत, गाठ बसेना. मग बैलगाडी. वाटेत दोनदा म्हणाला, "सुखदेव, मोटर कोनाजवळ सोडली?"

काल डॉक्टरनं मांडीपासून पाय कापला.

गुरु. १४
मोटर बैलांनी ओढून बडनेऱ्याला पांडू ड्रायव्हरकडं आणली. जुना माणूस, त्याला सगळं कळतं. त्यानं खालून क्लच उघडला, आतून तेल धो धो. मग काडी काढून माझ्यापुढं धरली. तेल भरायच्या हद्दीची रेघ, तिच्यावर चार बोटं तेल.

म्हणाला, "इंजिनाचं चेंबर गच्च भरलं हाय. जास्तीचं तेल मागून क्लचात उतरलं, क्लच धरनार कसा? कोन भरलं एवढं?"

मी म्हटलं, "सर्व्हिस कादर मिस्त्रीनं केली."

तो म्हणाला, "मंग त्यानंच."

पुढचं ऐकलं नाही. डोक्यात घण पडत होते. जेवलो नाही.

शुक्र. १५, अकोला, ठाणे
लिहितो. फौजदारानं वही हिसकावली नाही, हसला फक्त.

मोटरीचं लोखंडी हँडल टॉवेलात गुंडाळून बडनेऱ्याहून पहिल्या गाडीनं आलो. डब्यात एका म्हातारीनं विचारलं, "काय नेता भाऊ?" म्हटलं, हत्यार. तिला वाटलं शेतीचं.

कादर मिस्त्री ऐरणीपाशी उकिडवा बसला होता. मला बघून उठला, म्हणाला, "या सुखदेवभाऊ, कशी चालून राहिली?" मी पहिला फटका खांद्यावर दिला. तो पडला. पडल्या पडल्या ओरडला, "क्या हुआ, बोलो तं!" म्हटलं, माझ्या भावाचा पाय गेला. तेल चार बोटं वर भरलंस. तो म्हणाला, "खुदाची कसम, रेघेवर भरलं. रेघेवर! तुमाले सांगलं होतं का..." काय सांगितलं होतं ते मी बोलू दिलं नाही. त्याचा उजवा हात ऐरणीवर दाबला. तीन वेळा मारलं. पहिल्यांदा तो ओरडला. दुसऱ्यांदा हाड वाजलं. तिसऱ्यांदा काहीच आवाज आला नाही, त्याचाही नाही.

त्याची बायको आतून धावत आली आणि हातावर पडली. म्हणून चौथा राहिला.

पळालो नाही. हँडल पुसून तिथंच बसून राहिलो.

आता खरं लिहायचं तर बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. ठाण्यातली भाकर दोन खाल्ली.

रवि. १७
काल जामीन झाला. आज दवाखान्यात दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं उठून बसेल. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. मी पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, "तुह्या पायाचा बदला घेतला दादा." तो म्हणाला, "हात मोडला त्याहिचा? उजवा?" म्हटलं, हाव. 

स्टँडवर मात्र वेगळाच मान. ज्याचा दात माझ्या बोटात घुसला तोही चहा घेऊन आला. म्हणतात, भाऊ असावा तर असा. कादर मिस्त्रीकडं आता कोणी गाडी नेणार नाही म्हणाले. तेल ओतून माणूस लंगडा करणारा मिस्त्री, असं नाव झालंय त्याचं दर्यापूरपर्यंत. ऐकून छाती फुगली.

शनि. २३
 सकाळचंच लिहितो.

पांडूनं क्लच धुऊन दिला. चेंबरमध्ये तेल मी स्वतः भरलं, काल संध्याकाळी, काडीवरच्या रेघेला अगदी बरोबर. आज उठून अंगणात आलो तर मोटरीचं झाकण उघडं आणि कौसल्या तांब्यातून आत तेल ओततेय. मारुतीला वाहून आलेली, कपाळाला शेंदूर.

"काय करून राहिली?"

"शनिवारचं तेल. तुमीच तं सांगलं होतं, दर शनिवारी अर्धा शेर टाकत जाय म्हनून."

सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी. तेव्हा रिंगा झिजल्या होत्या, इंजिन तेल प्यायचं, मला पहाटेच बाजार गाठायचा असे. एकदा सांगून टाकलं आणि विसरलो. ती विसरली नाही.

"त्या शनिवारी? जत्रेच्या आधी?"

"टाकलं ना. काहून?"

मारलं. उलट्या हाताचं. ती मडगार्डवर आपटली, ओठ फुटला, तांब्या गडगडत गेला. दुसऱ्यांदा हात उचलला तर तिनं तोंड झाकलं नाही. म्हणाली, "मारा. पन इंजिन नवं झालं, आता तेल पीत नाही, हे मले कोन सांगाले पायजे होतं? मोटर काय मले येऊन सांगन?"

 मलाच सांगायला आला होता एक जण, काडी पुसत.

मग एक गोष्ट सुचली. काडी काढून पाहिली. कालच्या रेघेच्या वर एक बोट. अर्ध्या शेराचं एक बोट. पांडूला सापडली चार, तीही क्लचात एवढं वाहून गेल्यावर. म्हणजे बाकीचं कादरचंच. एक बोट आमचं असेल, तीन त्याची. चौथ्या हिश्शानं पाय जात नाही कुणाचा. जास्तीचं तेल काढून टाकलं.

कौ.ला सांगितलं, कुठं बोललीस तर जीभ हासडीन. ती म्हणाली, "मी कोनाशी बोलते?"

रवि. १ डिसें.
दादा घरी आला. खाट ओसरीवर टाकली.

त्याचं करायचं कोणी हा प्रश्न झालाय. त्याची बायको प्लेगात गेली, मूलबाळ नाही. दादा म्हणजे कौ.चा भासरा. लग्न होऊन आठ वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही. पदर नाकापर्यंत ओढून ती ताट सरकवते आणि पाठ फिरवून जाते, हीच आमच्याकडची रीत. आता मी नसलो की त्याला पाणी मागता येत नाही. तो तांब्या जमिनीवर ठोकतो, ती भरून ठेवते. आज मी मळ्यातून आलो तर दादा ओल्या गादीवर पडलेला. हाक कोणाला मारणार? बघून असा संताप आला की तांब्या घेऊन भिंतीवर फोडला. दोघंही माझ्याकडं बघत राहिली.

मंगळ. ३
वकिलाकडं. दहा तारखेला अकोल्यात खटला उभा राहतोय. वकीलसाहेब म्हणतात, भावाला गाडीत घालून आणा, कापलेला पाय मॅजिस्ट्रेटला दिसला पाहिजे. मिस्त्रीनं हयगय केली, भाऊ जन्माचा अधू झाला, त्या भरात हात उचलला. एवढं शाबीत झालं की थोडक्यात सुटाल. नाही झालं तर बिनकारण माणसाचा हात मोडला म्हणून लांब जाल.

लांब गेलो तर घरी कोण? एक पाय नसलेला दादा आणि त्याच्याशी न बोलणारी कौ. मोटर अंगणात गंजेल.

वर म्हणाले, जमलं तर मिस्त्रीला भेटून समज द्या. समज द्या म्हणजे काय ते मला कळलं.

गुरु. ५
अकोल्याला जाऊन आलो. हँडल नेलं नाही, पण धमकावायलाच गेलो होतो.

दुकानात एकही गाडी नव्हती. कादर मिस्त्री बाकावर बसला होता. हाताला बांबूच्या खपच्या बांधलेल्या, बाहेर आलेली बोटं काळीनिळी. डाव्या हातानं पाना धरून बघत होता, सुटून पडत होता. मला पाहिलं. मी टोपी सारखी करायला हात वर केला, तर त्यानं मोडका हात काखेत लपवला. पन्नाशीचा माणूस. मी हात खाली घेतला.

तोच म्हणाला, "भाऊ कसा हाय तुमचा?"

म्हटलं, आहे.

"मी रेघेवर भरलं होतं. तुमाले सांगून राहिलो होतो का इंजिन आता तेल पीत नाही, काडी पाहूनच टाका. तुमी निंगून गेले. कोर्टात हेच सांगन. तुमाले मारायचं तं आताच मारून टाका, दुसरा हात बाकी हाय."

त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, हातात वरवंटा. मी परत फिरलो. 

एक बोट, एक बोट म्हणून किती दिवस मोजणार?

शनि. ७
आज मी दादाचा गळा धरला.

नीट लिहितो. सकाळी ठरवलं की दादाला सांगायचं. पाय त्याचा गेला, त्याला ठाऊक असलं पाहिजे. खाटेशी बसलो, म्हटलं, दादा, त्या शनिवारी कौ.नं अर्धा शेर तेल टाकलं होतं. मीच मागं सांगून ठेवलं होतं. मिस्त्रीनं भरलं त्याच्यावर.

दादा माझ्याकडं बघतच राहिला. मग हसायला लागला, वेड्यासारखा. म्हणाला, "तिनं बी टाकलं?"

"तिनं बी म्हणजे?"

"दोन शेर मी टाकलं बे. लांबची फेरी, वझं जास्त. मी नेहमीच टाकतो, तू झोपला असते तवा. जुनं इंजिन, कितीबी टाकलं तरी पिऊन घ्यायचं. मले काय मालूम ती बी टाकते?"

दोन शेर म्हणजे चार बोटं, वर कौ.चं एक; कादरचं एकही नाही. तीन वर्षं. दर शनिवारी ती टाकायची, लांबच्या फेरीला तो टाकायचा. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. विचारणार कसे?

म्हटलं, तुला कधी कळलं? म्हणाला, "पांडूनं चार बोटं म्हनलं, तू सांगत होता, तवाच. मी म्हनलं आता सांगतो. तं तू म्हने हात मोडून आलो. एवढा खुश होता तू."

म्हणजे तो भिंतीकडं तोंड करून रडत होता तेव्हा त्याला माहीत होतं. मी पाठीवरून हात फिरवत होतो. गावभर चहा पीत फिरत होतो.

मी त्याच्या छातीवर बसलो. दोन्ही अंगठे गळ्यावर. तो हात वर करत नव्हता. डोळे मिटून घेतले होते, जणू मीच त्याचं काम सोपं करतोय. एकच पाय खाटेवर आपटत होता.

कौ. आली. पदर डोक्यावर नव्हता. माझे केस धरून मागं ओढलं, मनगटाला चावली, रक्त निघालं. ओरडत होती, "सोडा! आनखी किती जनाहिले मोडता?" मी खाली पडलो. ती दादाकडं वळली. पहिल्यांदा तोंडावर बोलली त्याच्या, आठ वर्षांत पहिल्यांदा. "आन तुमी! तुमी बी टाकता हे एकदा तरी सांगाले पायजे होतं ना! मी का तुमाले खाल्लं असतं?"

दादा खोकत होता. खोकता खोकता म्हणाला, "पानी दे बाई."

तिनं दिलं, हातात.

रवि. ८
दादाचा गळा सुजलाय. माझ्या अंगठ्यांच्या खुणा आहेत. त्यानं मफलर गुंडाळला.

दुपारी बोलला. कोर्टात मिस्त्रीनंच भरलं असं तो शपथेवर सांगणार. "माहा पाय तं काही वापस येत नाही. तू जेलात गेला का हे घर बसलं. मिस्त्रीचा हात बी वापस येत नाही. खोटं बोलून निदान एक मानूस वाचते."

कौ. आता त्याच्यासमोर बोलते. भाकर थापता थापता म्हणाली, "तुमी दोघं खोटं बोलसान तं मी खरं सांगन. भर कोर्टात." मी उठलो. ती थापत राहिली. म्हणाली, "या. मारा. माराचं तेवढंच येते तुमाले."

मारलं नाही. मळ्यात गेलो आणि वांग्याची एक अख्खी ओळ कुदळीनं खणून टाकली. फळ धरलेली झाडं. हाताला फोड आले तेव्हा थांबलो.

ती सांगेल का खरंच? सांगेल. सांगावं असं वाटतं का मला? कधी वाटतं, तिनं सांगितलं तर माझ्यावरचं ओझं जाईल. मग लाज वाटते. कादरला मारायला मी एकटा गेलो होतो, कोणाला विचारलं नव्हतं.

मंगळ. १०, अकोला, कोर्टाचं आवार
बडनेऱ्याहून दादाला खुर्चीत बसवून गाडीत चढवला. आता तो लिंबाखाली बसलाय, मफलर गुंडाळून. कौ. त्याच्या बाजूला, उभी. येणारे-जाणारे पायाकडं बघतात. वकीलसाहेब खूश आहेत.

कादर मिस्त्री पायरीवर. खपच्या सुटल्यात, पण बोटं मिटत नाहीत. त्याच्या बायकोनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या डाव्या हातात दिला. तो खात नाही. माझ्याकडं बघतो आणि मग दादाच्या पायाकडं बघतो. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं, राग मला समजतो.

दादानं बाही धरली, "गप राह्य. मी बोलतो सगळं." कौ. कोर्टाच्या दाराकडं बघतेय. तिचा ओठ भरला, पण डाग राहिलाय.

आत माझ्या नावाचा पुकारा झाला. दादाची बोटं बाहीवरून सोडवली, म्हटलं, मीच बोलतो. कोणालाही मारावंसं वाटत नाही, आणि एवढी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती. पट्टेवाला दुसऱ्यांदा ओरडला. कादर मिस्त्री उठून मला वाट देतोय.